मचव्याला खारं पाणी

"हात मागं घे, दर्पण. नायतर मनगट उतरवीन!"

"उतरव! पण आज दुसऱ्या बाजूलापण फायबर चढणार म्हणजे चढणार."

शिरगावच्या किनाऱ्यावर, सिमेंटच्या चौथऱ्यावर ठेवलेल्या जुन्या शिडाच्या मचव्यापुढं हिरा कोयता घेऊन उभी होती. समोर तिचाच मुलगा, हातात फायबर चिकटवायच्या रेझिनची बादली. मचवा तिच्या सासऱ्यांचा. नवरा नरहरी त्याच्यावर सुकाणू धरणारा शेवटचा तांडेल. तो गेल्यावर गावानं मचवा लोकांना बघायला खुला केला आणि हिरा राखणीला बसली.

तिचा हात तोंडाआधी चालतो, हे सगळं गाव जाणतं. फळीवर बदाम कोरणाऱ्याच्या पाठीत तिनं वल्हं घातलं होतं. बूट घालून नाळेवर, मचव्याच्या पुढच्या टोकावर, चढलेल्या एका साहेबाला असं खाली ओढलं, की त्याचा दात पडला. तरी रविवारी बोईसरचे कामगार बायकापोरं घेऊन येतातच.

"मौसी, अंदर जायें?"

"चप्पल काढ, मग मर आत!"

रोज दोन वेळा ती समुद्राच्या पाण्याच्या कळशा मचव्यावर रिकाम्या करायची. खारं पाणी मुरलेलं लाकूड कुजत नाही, सुकून फाटत नाही.

दर्पण बोईसरला फायबरच्या होड्या बनवतो. त्याला हे पटेना. "लोकं घसरतात, आई. तुझी कंबर गेली. फायबरला बघायला लागत नाय!" पावसाळ्यात ती वैतरण्याला लेकीच्या बाळंतपणाला गेली, तेवढ्यात त्यानं एक बाजू मढवूनही टाकली होती.

"सरक, आई."

"नाय सरकत."

दर्पणनं कोयत्यावर झडप घातली. पातं तळव्यात रुतलं. कळवळून त्यानं आईला ढकललं. ती चौथऱ्यावर तोंडघशी आपटली. ओठ फाटला. रक्त थुंकत उठली ती थेट मढवलेल्या बाजूकडं धावली आणि कोयता हाणला. एक घाव. दोन. तिसऱ्याला ते चकचकीत कवच तडकलं. आतून काळं, सडकं पाणी भळाभळा वाहिलं. तिनं भोकात हात खुपसून ओढलं. सागाची फळी भिजल्या पावासारखी मुठीत आली.

"घे! ओलं लाकूड कोंडून ठेवलंस. पावसाचं गोडं पाणी वरनं शिरलं, बाहेर जायला वाटच नाय. हुंग!" तिनं तो लगदा त्याच्या तोंडाला फासला.

त्यानं तो पुसलाही नाही. तळव्यातनं रक्त गळत होतं.

"आई... फळ्या बदलता येतील ना? वाचेल ना गं हा?"

हिरानं कोयता वाळूत टाकला. "तवर उरलेल्या बाजूवर खारं पाणी वत," म्हणाली आणि सुताराला आणायला गावाकडं चालू लागली.