खांबाखाली खांब

चित्रकलेच्या मास्तरांचं एक वेड होतं. भूमिती पुस्तकातून शिकवायची नाही, इमारतीतून शिकवायची. पोरांच्या हातात टेप द्यायचा आणि शाळाच मोजायला लावायची. खालचा मजला एका पारदर्शक कागदावर, वरचा दुसऱ्यावर. मग कागदावर कागद ठेवायचा आणि उजेडाला धरायचा. भिंतीवर भिंत, खांबावर खांब बसला पाहिजे. मोजलेला आकडा खोडायचा नाही, हा कडक नियम. खोडरबर मास्तरांच्या ड्रॉवरमध्ये कुलपात! पोरं त्यांना मागून ‘टेपमास्तर’ म्हणत. ते मास्तरांना ठाऊक होतं आणि आवडायचंही.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना त्यांना नव्या इमारतीत तळमजल्यावर चित्रकलेची खोली मिळाली. बांधणारा इंजिनिअर त्यांचाच विद्यार्थी. त्याचं शाळेतलं चित्र मास्तरांनी फ्रेम करून फळ्याशेजारी लावलेलं. येईल त्याला दाखवायचे, "हा आमचा!"

तर आठवीच्या वर्गाने नवी इमारत मोजली. चार शब्द विचारल्याशिवाय एक शब्द न बोलणाऱ्या एका मुलीने दोन्ही कागद उजेडाला धरले.

"सर, हा वरचा खांब कशावर उभाय?"

"तू टेप ढिला धरला असशील, दुसरं काय!" मास्तर खेकसले. रविवारी गुपचूप येऊन त्यांनी स्वतः तीनदा मोजलं. टेप ढिला नव्हता. वरचा खांब खालच्यापासून चार फूट बाजूला, यांच्या खोलीच्या छतावर मधोमध, नुसत्या तुळईवर उभा. आणि वरच्या मजल्यावर सगळं ग्रंथालय येणार होतं.

सोमवारी त्यांनी इंजिनिअरला फोन लावला.

"सर, तुम्हीच म्हणालात ना, खांब मध्ये आला तर मागच्या पोरांना फळा दिसत नाही? तुमच्यासाठी खालचा खांब सरकवला मी."

"अरे, पण तुळई तेवढी जाड केलीस का?"

तो हसला. "आता तुम्ही मला शिकवणार?"

"मीच शिकवलं होतं ना रे!"

फोन कट.

दुपारी मुख्याध्यापिकांनी बोलावलं; इंजिनिअरने त्यांना कळवलं होतं. समोर कोरा कागद. "मुलांच्या मोजणीत चूक झाली, एवढं लिहून द्या. नाहीतर पुढच्या वर्षी चित्रकलेचे तास कशाला ठेवायचे? आणि खांब सरकवायला कोणी सांगितलं, हेही मग विचारावं लागेल." बाई गोड बोलत होत्या. मास्तरांची मान खाली गेली. लाज वाटली, संताप आला, पण त्यांनी लिहून दिलं. अक्षर मात्र नेहमीसारखंच वळणदार आलं. मेलं अक्षर!

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाला सांगितलं, आपलं माप चुकलं. ती मुलगी उठून टेबलापाशी आली.

"सर, खोडरबर देता?"

त्यांनी ड्रॉवरचं कुलूप काढलं.

"मग खांब कुठे काढू?"

"खालच्याच्या बरोबर वर."

तिने काढला. चित्र सुरेख झालं, कागदावर कागद चपखल बसला. वर पुस्तकांची कपाटं ओढल्याचा आवाज येत होता. मुलीने एकदा छताकडे पाहिलं, आणि आपलं बाक उचलून भिंतीला नेऊन लावलं. तिथून फळा दिसत नव्हता.