वाटसरूचं पान

माझ्या धाकट्या दिरांना आता लोक महाराज म्हणतात. त्यांचे भक्त लांबून येतात, शेतातल्या समाधीवर नारळ फोडतात आणि मग माझ्याकडे येऊन बसतात, कारण त्या घरातलं जुनं माणूस आता मीच उरले आहे. "घराणंच पुण्यवान तुमचं," ते म्हणतात. "चार पिढ्यांची भक्ती." मी मान हलवते. भक्ती होतीच. पण त्या घरात सून म्हणून गेले तेव्हा मला सगळ्यात आधी ओळख झाली ती भुकेची.

दारव्ह्याहून आर्णीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं घर. नियम असा होता, की दुपारी वाटेवरच्या एका माणसाला जेवू घातल्याशिवाय घरात कोणी घास घ्यायचा नाही. लहान लेकरांना सूट होती, बाकी कोणाला नाही. पाहुण्याच्या पानाशेजारी घरच्या कर्त्या पुरुषाचं पान मांडायचं, दोघं बरोबर जेवायचे, मग बाकीचे. हा नियम माझ्या पणजसासऱ्यांनी घातलेला. भक्त सांगतात, की प्रत्यक्ष दत्तगुरू फकिराच्या वेषात त्यांच्या दारात आले होते. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तूर निवडता निवडता मला वेगळंच सांगितलं. एका दुष्काळात कोणी उपाशी वाटसरू आला. घरात दाणे होते, तरी पणजसासऱ्यांनी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी तो माणूस शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मरून पडलेला सापडला. त्यांनी स्वतः खड्डा खणून त्याला माती दिली. नंतर त्यांनी हा नियम घातला, तरी त्यांचं घरात मन लागेना. धुऱ्यावरच्या उंबराखाली ते जे बसले, ते तिथंच. त्यांची समाधीही तिथंच बांधली.

"देव दिसला म्हून नाई बसले थे," आत्याबाई म्हणाल्या. "झोप येत नव्हती म्हून बसले."

कापसाच्या दिवसांत काही अडचण नसे. जिनिंगच्या कारखान्याकडे जाणाऱ्या बैलबंड्यांची रस्त्यावर रांग लागायची, कोणीही गाडीवान हाक मारली की उतरायचा. उन्हाळ्यात मात्र रस्ता ओस पडे. आधीच्या काळी उन्हाळ्यात गावाच्या पूर्वेकडच्या वस्तीतली माणसं येत. ती गोठ्यामागे बसायची, त्यांना वरून पान वाढायचे, आणि त्या दिवसापुरता नियम पाळला गेला असं समजायचे. शेजारी पान मांडायचा प्रश्नच नव्हता. छपन्न सालच्या दसऱ्याला नागपुरात दीक्षा झाली. वस्तीतली घरंच्या घरं बौद्ध झाली, आणि त्यानंतर गोठ्यामागे कोणी बसायला आलं नाही. माझं लग्न झालं ते त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात.

माझे यजमान यवतमाळला कचेरीत होते, रविवारी तेवढे यायचे. घरात मामंजी, आत्याबाई, धाकटे भाऊजी आणि मी. स्वयंपाक झाला की मामंजी पोथी मिटून अंगणात येत आणि ओट्यापासून फाटकापर्यंत येरझारा घालू लागत. ते माझे सासरे, मी त्यांच्यासमोर मान वर करत नसे, पण त्यांच्या वहाणांचा आवाज मला चुलीपाशी ऐकू येई. तो आवाज जसजसा भराभर होई तसं मला कळायचं, की रस्त्यावर अजून कोणी नाही. मीसुद्धा पाणी भरायचं निमित्त करून दारात जाई. कोणाचं डोकं दिसतं का, कुठं धूळ उडते का. बसावं तर बसवत नसे, उभं राहावं तर डोळ्यांपुढे अंधारी येई. दुसऱ्या उन्हाळ्यात तर मला दिवस गेलेले होते.

वैशाखातली दुपार होती. भाकरी झाकून ठेवल्या होत्या, वरण निवून गेलं होतं. मी दारात उभी असताना एक तरुण माणूस सायकल हातात धरून येताना दिसला. पांढरा पायजमा, डोक्याला रुमाल, चाकातली हवा गेलेली. बाजूच्या गावातल्या शाळेवर नवीन मास्तर आलेत हे मी ऐकलं होतं.

"गुरुजी," मी म्हटलं, "जेवाले थांबा ना."

ते थांबले. माझ्याकडे, मग घराकडे पाहिलं. "मी कोनाचा, ठाऊक हाय काय तुमाले?"

मी नाही म्हटलं. त्यांनी वडिलांचं नाव सांगितलं, वस्ती सांगितली. "माहा बाप तुमच्या गोठ्यामागं बसे. मी मागून येनार नाई, बाई."

"मी समोरूनच बोलावून राह्यली," मी म्हटलं. त्यात माझा काही थोर विचार नव्हता. मला भूक लागली होती.

भाऊजी विहिरीवरून आले होते. त्यांनी मास्तरांच्या हातातून सायकल घेतली, भिंतीला टेकवली, पाय धुवायला पाणी दिलं. मास्तर ओसरीवर येऊन बसले. मामंजी अंगणातच उभे होते. त्यांनी आत्याबाईंकडे पाहून एक बोट वर केलं. आत्याबाईंनी एकच पत्रावळ मांडली.

मी वाढलं. मास्तरांनी पानाला हात लावला नाही. "तुमचं पान?" त्यांनी मामंजींना विचारलं.

"तुम्ही घ्या. मी मंग बसतो."

"गाडीवाला आला तं तुमी संग बसता. साऱ्या गावाले ठाऊक हाय."

मामंजींच्या हातातली माळ तेवढी फिरत होती. मास्तर उठले. अन्नाला हात जोडले. आवाज न चढवता म्हणाले, "ज्या दिवशी संग बसान, त्या दिवशी हाक द्या. मी येईन." आणि सायकल ढकलत उन्हात निघून गेले.

वाढलेल्या पानावर माश्या बसू लागल्या.

"बाबा," भाऊजी म्हणाले, "आपल्या दारातून मानूस उपाशी गेला."

"थो आपल्या मनानं गेला."

"पणजोबाच्या दारातून गेला थोही आपल्या मनानंच गेला असन."

मामंजी वळले आणि शेताकडे चालू लागले. आत्याबाईंनी माझा दंड धरून मला स्वयंपाकघरात नेलं, पाटावर बसवलं. भाकरी मोडली आणि पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला. त्या घरात आल्यापासून त्यांनी असं कधी केलं नसणार. "पाप असन तं आधी मले लागन," त्या म्हणाल्या. "खा आता. पोटातल्याले कायची शिक्षा?"

दिवेलागणीला भाऊजी वस्तीत गेले आणि मास्तरांच्या घरी जेवून आले. आल्यावर त्यांनी अंगणात उभं राहून तसं सांगितलं. मामंजी म्हणाले, "आंघोळ कर, मंग आत ये."

"आंघोळ कायले? जेवूनच आलो, मयत करून नाई आलो."

ते आत आलेच नाहीत. ओसरीवर बसून राहिले. सकाळी मी सडा टाकायला निघाले, तेव्हा ते धोतर आवरून, एक सदरा खांद्यावर टाकून उभे होते. मी विचारलं, कुठं? उंबराखाली बसणार का पणजोबांसारखे? हसले. "मले बसनं जमत नाई वयनी. मले चालावं लागते." यवतमाळच्या दिशेनं गेले. आज भक्त याला महाराजांचा गृहत्याग म्हणतात. मी पाहिला तो रात्रभर न झोपलेला, रागावलेला, विशी ओलांडलेला माणूस होता, आणि त्याच्या पायात वहाणाही नव्हत्या.

आषाढात मला मुलगी झाली. पाहुणे येत होते, जेवत होते. पण मामंजी दुपारचं पान घेईनासे झाले. पाहुण्याजवळ बसायचे, वाढा म्हणायचे, स्वतः संध्याकाळी थोडं दूध-भाकर. अंगणातून शेत, शेतातून अंगण, पूजेतसुद्धा मधेच उठून फाटकापर्यंत जाऊन यायचे. घरातले आम्ही सगळेच तसे झालो होतो. मुलगी रडली की मी तिला घेऊन दारात जाई आणि मग तिथंच रस्त्याकडे बघत उभी राही. भाऊजींची काही खबर नव्हती. यजमानांनी यवतमाळला, आर्णीला चौकशी केली, कोणी सांगे ते माहूरला दिसले, कोणी सांगे रेल्वेत बसले. गावातले लोक मामंजींना पाहून म्हणत, केवढं अनुष्ठान चाललं आहे. आत्याबाई मला म्हणत, "अनुष्ठान नाई माय. गिळवत नाई त्यायले."

दिवाळी झाली, कापूस वेचायला आला. एक दिवस मामंजी पूजा आटोपून काही न सांगता बाहेर पडले. पुढची गोष्ट मला नंतर मास्तरांनी सांगितली. मामंजी शाळेसमोरच्या निंबाखाली जाऊन उभे राहिले. मुलांची सुट्टी होईपर्यंत हलले नाहीत. मास्तर बाहेर आले तेव्हा म्हणाले, "मास्तर, मले भूक लागली."

दोघं चालत आले. मास्तरांनी सायकल हातातच धरली होती. आत्याबाईंना काही सांगावं लागलं नाही, त्यांनी दोन पत्रावळी शेजारी शेजारी मांडल्या. वांग्याची भाजी होती आणि ज्वारीची भाकर. मामंजींचा पहिला घास बराच वेळ तोंडात फिरत राहिला, मग त्यांनी पाण्याबरोबर तो उतरवला. दुसरा त्याहून सोपा गेला असावा. मास्तरांनी पावसाचं विचारलं, मामंजींनी शाळेत पोरं किती येतात ते विचारलं.

त्यानंतर भाऊबंदांनी आम्हाला लग्नाला बोलावणं सोडलं. समाधीच्या प्रसादाला निम्मंही गाव येईना. मास्तर अधूनमधून जेवायला येत. समाधीपुढे त्यांनी कधी हात जोडले नाहीत आणि जोडा असं त्यांना कोणी म्हटलं नाही.

भाऊजी परतले तेव्हा माझी मुलगी शाळेत जात होती. दाढी वाढलेली, बरोबर दोन-तीन माणसं, ती त्यांच्या पाया पडत होती. मामंजी तेव्हा दुखण्यानं खाटेवर होते. मी भाऊजींना मास्तरांच्या जेवणाचं सांगितलं, तसे ते ओसरीवरच थबकले.

"मी गेल्यावर किती दिवसांनी?"

"त्याच दिवाळीनंतर."

त्यांनी खांब धरला. "मंग मी थांबलो असतो तं?" त्यांनी विचारलं. ते असते तर मामंजी शाळेपर्यंत गेले असते की अडून बसले असते, हे मला अजूनही सांगता येत नाही.

भाऊजी आत गेल्यावर मामंजींनी त्यांच्या भेगाळलेल्या पायांकडे पाहिलं. "अजून चालूनच राह्यला काय?"

"हाव, बाबा."

मामंजी खाटेवर जरा सरकले. भाऊजी त्या जागेवर बसले, वडिलांचे पाय चेपत राहिले. चार लोक जमले, त्यांच्याशी बोलताना त्यांचा आवाज शांत होता, पण पायाचा अंगठा सारखा हलत होता. आठवडाभर राहिले. एका पहाटे मी उठले तर त्यांची वळकटी बांधलेली होती. मी दशम्या फडक्यात गुंडाळून दिल्या. त्यांनी त्या घेतल्या, मामंजींच्या उशाशी वाकून "चालतो, बाबा" म्हणाले आणि माहूरच्या वाटेला लागले.