एका बाईच्या दोन फायली

तुमच्या आईच्या दवाखान्यात किती फायली आहेत? एक म्हणत असाल तर जरा थांबा. मीसुद्धा मागच्या दसऱ्यापर्यंत एकच म्हणत होते, आणि तेही मोठ्या तोऱ्यात.

मानवतला एका संस्थेचा बारा खाटांचा दवाखाना आहे. तिथं केसपेपर काढायच्या टेबलावर मी बसते. मला नोकरीला लागून चारच महिने झाले होते, तेव्हा आमच्या डॉक्टरीणबाईंनी ठरवलं की आता कागद बास, पेशंटच्या नोंदी कॉम्प्युटरवर ठेवायच्या. सॉफ्टवेअर निवडायला तिघींची समिती केली. त्या स्वतः, आमच्या जुन्या सिस्टर आणि मी. मी कशाला, तर म्हणे, "तुला लिहायची हौस आहे ना? मग आपल्याला काय काय पाहिजे ते लिहून काढ."

मला 'लिही' म्हणणं म्हणजे काय, हे बाईंना ठाऊक नव्हतं. आमच्या घरी जेवायचं ताट पत्रकांचा गठ्ठा सरकवून ठेवावं लागायचं. वडील लिहायचे, आई घड्या घालायची, आम्ही भावंडं वाटायचो. बाराखडी पुरी व्हायच्या आधी मला 'जाहीर निषेध' लिहिता येत होतं. मी दोन दिवसांत चार पानं उतरवली. वर ठळक अक्षरात, 'रुग्णाच्या नोंदीवर रुग्णाचाच हक्क!' आणि खाली अकरा मागण्या. पेशंटची माहिती कुणाला विकणार नाही असं लेखी द्या. इंटरनेट गेलं तरी काम चाललं पाहिजे. मराठीत लिहिता आलं पाहिजे. उद्या तुमच्याशी पटलं नाही तर आमच्या नोंदी मुकाट परत करा.

बाई वाचत वाचत शेवटाला आल्या. "'मागण्या मान्य न झाल्यास...' न झाल्यास काय गं? सॉफ्टवेअरला घेराव घालणार?"

सिस्टरांनी चष्मा नाकावर सरकवून चारही पानं वाचली. "लय झ्याक लिवलंस पोरी. पण ह्याच्यात दोरा कुठं हाय?"

"कसला दोरा?"

"कळंल," म्हणाल्या आणि इंजेक्शन द्यायला निघून गेल्या.

माझं लक्षच नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुण्याहून पहिली कंपनी येणार होती. चकाचक बुटातली दोन माणसं आली, पांढऱ्या भिंतीवर त्यांनी पडदा उजळला आणि पडद्यावर एक गुलाबी हृदय गरगर फिरायला लागलं. रंगीत आलेख वर चढत होते, खाली उतरत होते. मी, जन्मजात विरोधक, टाळ्या वाजवायची तेवढी राहिले! "तुम्हीच एक पेशंट भरून बघा, मॅडम," ते म्हणाले. मॅडम! आयुष्यात पहिल्यांदा.

बाहेर वालूरकडच्या एका खेड्यातली बाई सासूबरोबर तपासायला आली होती. सातवा महिना. तिला विचारलं, तुझ्या नोंदी ह्यात भरून बघू का? ती म्हणाली, "भरा की ताई." मी कपाटातून तिचं काढलं, तर दोन फायली निघाल्या, लाल दोऱ्यानं एकीला एक बांधलेल्या. असे दोरे कपाटात जागोजागी होते. कागद निसटू नयेत म्हणून असतील, असं मला चार महिने वाटत होतं. मी दोरा सोडला. फायलींवर नावं वेगळी, गावं वेगळी. मी हौसेनं दोन पेशंट भरले.

सिस्टर मागं कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. "सासरच्या नावाचं पान उघड. पेनिसिलीनचं काय लिवलंय?"

तो रकाना मी रिकामाच सोडला होता, तरी पडद्यावर सुंदर हिरव्या चौकटीत होतं, 'ॲलर्जी नाही'.

"आता माहेरचं उघड."

तिथं मी स्वतःच्या हातानं भरलं होतं. पहिलं बाळंतपण, सिझेरियन, पेनिसिलीननंतर तोंड सुजलं, श्वास अडकला.

पहिल्या खेपेला ती माहेरी, पेडगावला होती. आईनं आणलं आणि सवयीनं माहेरचं नाव सांगितलं. ह्या खेपेला सासूनं आणलं, तिनं लग्नात ठेवलेलं नाव सांगितलं. सिस्टरांनी चेहरा ओळखला, जुनी फाईल शोधली आणि दोरा बांधला. वर्षानुवर्षं त्या हेच करत आल्या होत्या. तो दोरा मी सोडून ठेवला होता.

ती बाई पडद्याकडं बघून खुदकन हसली. "म्हंजे मी दोघी हाय व्हय? मग एक जाती ऊस तोडायला, एक ऱ्हाती घरी!"

"आन् सैपाक?" सासू म्हणाली. "तिसरी भरा ताई, हाय जागा!"

चकाचक बुटांसकट सगळे हसले. मलाही हसू आवरेना. हसता हसता मी सोडलेला दोरा पुन्हा बांधला. पण तिची ऊसतोडीची टोळी येत्या रविवारी कर्नाटकात निघणार होती. बाळंतपण तिकडंच होणार.

"जाऊ नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"न जाऊन कसं हो? कोयत्याला नवरा-बायको दोघं लागतेत."

मी भाषणाला तोंड उघडलं. तिनं हात वर केला. "ताई, भाषण ऱ्हाऊ द्या. मागल्या साली सिस्टरनं चिठ्ठी दिली, ती पाचटाच्या कोपीत पाणी गळून भिजून गेली. शुद्धीत आसंन तर मी सांगीन. नसंन तर कोन सांगंल?"

तिकडचा दवाखाना आमच्याकडं फोन करील, हे उत्तर सोपं होतं. पण कुठल्या नावानं करील? आणि तेव्हा टेबलावर सिस्टर नसतील, मी असेन, तर?

त्या क्षणी माझ्या मागण्या बारा झाल्या, बारावी दोऱ्याची. पहिली कंपनी म्हणाली, पुढच्या व्हर्जनमध्ये येईल. दुसरी म्हणाली, आधार नंबर टाका, प्रश्न मिटला. तिचं आधार कार्ड नवऱ्याच्या ट्रंकेत, आणि त्यावर अजून माहेरचंच नाव. तिसरा गृहस्थ परभणीहून एसटीनं एकटाच आला, कापडी पिशवीत जुनाट लॅपटॉप घेऊन. हृदय नाही, आलेख नाहीत. बाराव्या मागणीवर बोट ठेवून म्हणाला, "हे माझ्यात येत नाही." मग सिस्टरांकडं वळला. "तुम्ही कसं बांधता, ते दाखवता का?"

दिवसभर तो कपाटापुढं मांडी घालून बसला. शनिवारी परत आला. पडद्यावर एक लाल बटण होतं, 'दोरा'. माहेरचं नाव टाका, सासरचं टाका, पान एकच उघडणार. सिस्टरांनी उलटंसुलटं आठदा करून पाहिलं आणि म्हणाल्या, "सुटत न्हाई." माझ्या उरलेल्या अकरा मागण्यांतल्या सहाच त्याच्याकडं पुऱ्या होत होत्या. कधी माघार न घेणाऱ्या मीच सगळ्यात आधी हात वर केला. उरलेल्या पाचांसाठी मी अजून त्याच्या मागं आहे. तीन मान्य झाल्यात!

त्याच संध्याकाळी ती बाई निघायच्या आधी भेटायला आली, तेव्हा छापलेलं पान प्लॅस्टिकमध्ये घालून तिच्या हातात दिलं. दोन्ही नावं, लाल अक्षरात इशारा, खाली तेच इंग्रजीत आणि आमचा फोन नंबर.

पौषात एका दुपारी फोन वाजला. पलीकडं तिकडच्या दवाखान्यातली नर्स, कानडी वळणाचं हिंदी. टोळीतल्या पेडगावच्या कुणीतरी तिला आणलं होतं, पेटी कोपीत राहिली होती, प्लॅस्टिकमधलं पान पेटीत. त्या माणसाच्या मोबाईलमध्ये आमचा नंबर होता, पण तिचं नाव त्याला माहेरचंच ठाऊक होतं. मी ते टाकलं. दोरा उघडला. "पेनिसिलीन मत देना!" मी एवढ्यानं ओरडले की ओपीडीतली सगळी माणसं उभी राहिली. "पहिलं सिझेरियन हाय! हाय म्हणजे है! है!"

तासाभरानं परत फोन आला. मुलगी. दोघी बऱ्या. मी सिस्टरांना उचलायचा प्रयत्न केला. त्या उचलल्या गेल्या नाहीत, पण आम्ही दोघी खुर्चीसकट पडलो.

आता हे एक करा. आज आईला विचारा, आत्याला विचारा, बायकोला विचारा, माहेरी तुला काय म्हणायचे आणि तिथं कुठल्या दवाखान्यात गेली होतीस. ते एका कागदावर लिहा. पुढच्या खेपेला केसपेपर काढताना तो खिडकीवर ठेवा आणि दोन्ही नावं एकाच पानावर येईपर्यंत तिथून हलू नका.