दादाचं ‘आपण’

माझा थोरला भाऊ शिड्या बनवतो, असं मी आयुष्यभर लोकांना सांगत आले. आता काय सांगायचं ते ठरलेलं नाही.

दादाने पत्र्याच्या शेडमध्ये सुरुवात केली. अॅल्युमिनियमचे पाइप कापायचे, पायऱ्या बसवायच्या, रिव्हेट मारायचे. प्रत्येक खेपेतल्या एका शिडीवर तो स्वतः चढायचा, वर उभा राहून पत्र्याला हात लावायचा आणि मगच माल बाहेर सोडायचा. वहिनी म्हणायची, “यांना तेवढ्या उंचीवरूनही घरातला पसारा दिसत नाही.” त्याच्या तोंडी ‘मी’ नव्हताच. सगळं ‘आपण’. आपण माल पोचवू, आपण गटार साफ करू. कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं, की दादाचं ‘आपण’ म्हणजे कधी तो एकटा, तर कधी तो सोडून बाकी सगळे. “आपण कपडे वाळत घालू म्हणाले, की मी बादली उचलते,” असंही वहिनी सांगायची.

त्यांना मूल नाही. माझी लेक इंजिनीअर झाली आणि चांगली नोकरी सोडून मामाच्या हाताखाली गेली. मी नको म्हणत होते. तिथे पाइप कापायची उघडी पाती, आणि ही जन्माची धांदरट. पोचलीस की फोन कर, एवढी अट मी घातली. ती अजून चालू आहे, आणि फोनला उशीर झाला की माझ्या हातातलं काम अजून थांबतं. पुढेमागे कारखाना तिच्याच हाती द्यायचा, हे दादाने कधी बोलून दाखवलं नाही. पण जेवायला जाताना चाव्यांचा जुडगा तो तिच्या टेबलावर ठेवायचा.

मोठ्या दुकानांकडून मागणी येऊ लागली आणि शेड अपुरी पडली. बँक दारात उभं करीना. तेव्हा गुंतवणूक करणाऱ्या एका फंडाची माणसं आली. त्यांचा धंदा लेकीने मला भाजी चिरता चिरता समजावला. इतरांचे पैसे गोळा करायचे, चालत्या कंपनीत निम्म्याहून मोठा वाटा घ्यायचा, ती वाढवायची, आणि काही वर्षांनी तो वाटा चढ्या भावाने विकून निघून जायचं. कारखान्यात त्यांचं नाव पडलं ‘पाहुणे’, आणि त्यांच्या प्रमुख बाईंचं ‘पाहुणीबाई’. मऊ आवाजाच्या बाई. दुसऱ्या भेटीत त्यांना सगळ्या कामगारांची नावं पाठ होती.

बोलणी आमच्या घरी झाली, कारण शेडमध्ये कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. मी चहा ओतत होते. पाहुणीबाई म्हणाल्या, “पाच वर्षांनी आपण बाहेर पडणार, हे पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवून कंपनी उभी करायची.” दादाने मान हलवली. पुढे वकिलाने विक्रीच्या अटी वाचून दाखवल्या, तेव्हाही हलवली. मंडळी गेल्यावर मला म्हणाला, पाहुणे जाणार, जाताना घर मोठं करून जाणार, यात आपलं काय जातं? बाई त्याच्यासारखंच बोलतात, ‘आपण’ म्हणजे त्या आणि त्यांची माणसं, असं त्याने धरून घेतलं. खरं सांगायचं तर मीही तसंच धरलं होतं.

पाहुण्यांनी शब्द पाळला. नवी इमारत झाली. शेजारच्या शहरातल्या दोन लहान कंपन्या विकत घेऊन आपल्यात मिळवल्या. बाहेरून एक साहेब आणून रोजचा कारभार त्यांच्याकडे दिला. दादाच्या आवडीच्या लांब शिड्या कमी केल्या, कारण खप होता घरात वापरायच्या तीन पायऱ्यांच्या घडीच्या शिडीला. पगार वेळेवर झाले. पात्यांवर जाळ्या बसल्या, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट जेवण गेलं. शिडी तपासायला यंत्र आलं. ते दिवसभर शिडीवर वजन ठेवायचं आणि काढायचं. विमा कंपनीने दादाला शिडीवर चढायची मनाई केली. लेक उत्पादनाची प्रमुख झाली. दादाला वरच्या मजल्यावर खोली आणि ‘संस्थापक’ अशी पाटी मिळाली. “शिडीच्या कंपनीत मला लिफ्टने वर पाठवलं,” असं तो येईल त्याला सांगायचा. लोक हसायचे. तोही हसायचा. पण दिवस मोजत होता, हे आम्हा घरच्यांना दिसत होतं.

पाचवं वर्ष संपत आलं आणि एक मोठी कंपनी सगळा कारभार विकत घ्यायला तयार झाली. ती बैठक लेकीच्या समोर झाली. सगळं ठरल्यावर दादाने विचारलं म्हणे, “तुम्ही निघालात, की चाव्या माझ्याकडे द्यायच्या की थेट हिच्याकडे?”

पाहुणीबाई म्हणाल्या, “दादा, आपण बाहेर पडणार असं मी म्हणाले होते.”

“हो. म्हणजे तुम्ही.”

“म्हणजे आपण सगळे. तुमचा वाटासुद्धा. घेणाऱ्याला पूर्ण कंपनी हवी असते. ते कलमातही आहे.”

दादा म्हणाला, “मग बरोबर. मराठी तुमचंच शुद्ध.” एवढं बोलून त्याने समोरचं पाणी पिऊन टाकलं. बाईंचा चेहरा उतरला होता, असं लेक सांगते. त्यांनी फसवलं नव्हतं. कुणीच फसवलं नव्हतं.

नव्या मालकांची एक अट होती. उत्पादन सांभाळणारी बाई, म्हणजे माझी लेक, तीन वर्षं थांबणार असेल तरच ते घेणार. ती माझ्याकडे आली. ती थांबली नाही तर हे गिऱ्हाईक जाईल आणि दुसरं येईल, मामाचा कारखाना मामाकडे परत यायचा नाही, असं तिने नीट सांगितलं. तरी मामासाठी नाही म्हणू का, असंही विचारलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी विचारलं, तिथे रात्रपाळी असेल का. रात्रपाळी नसेल, एवढंच ती म्हणाली.

तिने सही केली आणि मामाला सांगायला गेली. मी बरोबर होते. दादा संत्रं सोलत होता, वहिनी इस्त्री करत होती.

“मामा, मी थांबते आहे.”

“बरं केलंस, इंजिनीअर.” त्याने साल एका बाजूला ठेवली. “त्यांच्याकडे सुट्टी मागायला लाजू नकोस. माझ्याकडे कधी मागितली नाहीस.”

अर्धं संत्रं त्याने तिच्या हातात दिलं. ती उभ्याउभ्याच खाऊ लागली, फोडी सुट्या न करता. त्याने तिला बिया कुठे टाकायच्या ते दाखवलं. वहिनीची इस्त्री चालूच होती. मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. मी वहिनीला म्हटलं, दे इकडे, उरलेले शर्ट मी करते. ती म्हणाली, यांना शर्ट आता फार लागायचे नाहीत, आणि पुढचा उलगडून माझ्यापुढे ठेवला.