मामांची मानाची पंगत

माझ्या बायकोच्या मामांइतका चालू जमान्यावर रुसलेला माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात शोधून सापडायचा नाही. गृहस्थ राहतात पौडात, दोन भाडेकरूंच्या जिवावर आरामात जगतात, मोबाइलवर कुस्त्या बघतात, आणि तरी शंभर वर्षांपूर्वी गावात जे होतं तेवढंच खरं, हा त्यांचा हेका. तेव्हाचा बाजार भारी, तेव्हाची चावडी भारी, तेव्हाचे चोरसुद्धा म्हणे शब्दाचे पक्के. गुडघा दाखवायला मी त्यांना दवाखान्यात नेलं, तर त्या काळी गावचा न्हावी हाडं बसवून वर दाढीही करून द्यायचा, हे त्यांनी डॉक्टरलाच सुनावलं. लग्नाची पत्रिका फोनवर आली की हे जात नाहीत. अक्षता घेऊन दारात यायला हवं. त्यामुळे गेली कित्येक वर्षं त्यांना लग्नातला लाडू मिळालेला नाही, आणि त्याचंही खापर त्यांनी आजच्या काळावरच फोडलेलं आहे.

हे सगळं निमूट ऐकणारा एकच माणूस होता: बौद्धवस्तीतले निवृत्त गुरुजी. चाळीस वर्षं रोज संध्याकाळी एसटी स्टँडवर दोघांत एक चहा. मामा जुनं गाव उभं करायचे आणि गुरुजी बशीतला चहा फुंकत राहायचे. गुरुजींना हे आवडतं, अशी मामांची खात्री होती. गुरुजींना विचारावं असं त्यांना कधी वाटलं नाही.

मामांच्या पंचाहत्तरीला पोरांनी कार्यालय घेऊन बुफे ठरवला, तसे मामा उखडले. "ताटली घिऊन हिंडायला आमी काय भिकारी हाय?" पंगत बसेल ती अंगणात, पत्रावळीवर, शंभर वर्षांपूर्वी बसायची तशी घराघराच्या मानाप्रमाणे. आजोबांच्या तोंडून ऐकलेला क्रम त्यांनी वहीत उतरवला, आणि त्या दिवशी फेटा बांधून, एकेका घराचं नाव पुकारत माणसं बसवली. मामांची पाटील भावकी बसली, गुरव बसले, सुतार बसले. यादी संपली. गुरुजी खांबापाशी उभेच होते.

मामांनी वहीचं पान उलटलं. मागं काही लिहिलेलं नव्हतं.

"नका शोधू, पाटील," गुरुजी म्हणाले. "तवा आमची मानसं हितं नसायचीच. कुंपनाभाईर बसून पंगत उठायची वाट बघायची. उरलं तर मिळायचं."

आवाज जराही न चढवता एवढं बोलून त्यांनी चपला घातल्या आणि ते गेले.

आता मामा काहीतरी सारवासारव करतील असं मला वाटलं. पण त्यांनी वही तिथंच टाकली आणि ते अनवाणी मागोमाग निघाले. मी पोचलो तेव्हा गुरुजींचं दार बंद होतं आणि मामा बाहेर पायरीवर बसले होते. दार वाजवायचा त्यांना धीर होत नव्हता. लोक खोळंबलेत, घरी चला, असं मी म्हटलं.

"जेवू दे त्यास्नी," ते म्हणाले. "चाळीस वर्सं त्यो गप ऐकत बसला. मला बसू दे हितं."

बऱ्याच वेळानं दार उघडलं. गुरुजींनी पाण्याचा तांब्या पुढं केला, तो मामांनी दोन्ही हातांनी घेतला. या माणसाची मी लग्न झाल्यापासून टिंगल केली, पण तेव्हा मला भरून आलं. आत या, असं म्हणायला गुरुजींना पुढं आठ दिवस लागले. तोवर मामा रोज संध्याकाळी जाऊन त्या पायरीवर बसत होते, आणि जुन्या काळाबद्दल चकार शब्द काढत नव्हते.