उत्तर ठाऊक असलेले प्रश्न

बालवाडीच्या बाई बाकी सगळ्या बाबतींत चारचौघींसारख्याच होत्या. उठताना गुडघे वाजायचे, रिमोटवरून नवऱ्याशी रोज तह व्हायचा आणि रोज मोडायचा. हट्ट मात्र एकच, तो सव्वीस वर्षं टिकलेला: ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे, तो प्रश्न मुलांना विचारायचा नाही.

त्याला कारण त्यांचे वडील. घरी पाहुणे आले की ते लहानग्या लेकीला मधोमध उभं करत. "सांग बरं, सात साते?" उत्तर यायचं, पण तोंडाला कुलूप लागायचं. "कालपर्यंत घडाघडा म्हणत होती हो," असं वडील सांगत आणि पाहुणे कपाआडून हसत. यांना येतं तर मग विचारतात कशाला, हे तिला कधी कळलं नाही.

म्हणून बाईंच्या वर्गात 'गाय कशी ओरडते' वगैरे बंद. त्या विचारायच्या, "या खोक्यात गाड्या किती मावतील गं?" त्यांना खरोखरच माहीत नसायचं. मग सगळी वरात खोक्याभोवती बसायची, गाड्या कोंबायची, मोजायची, भांडायची आणि पुन्हा मोजायची.

यंदा संस्थेने मुलांची परीक्षा घ्यायला साहेब पाठवले. वय पंचविशीचं, इस्त्री कडक, हातात टॅब. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, आधीच बोलावून सांगितलं, "जगभर हाच वाद चाललाय हो. कोणी म्हणतं खेळू द्या, कोणी म्हणतं पाच वर्षांच्या आत सगळं मोजा. आपल्या संस्थेने मोजायचं ठरवलंय." वीसपैकी पंधरा मुलं पास झाली नाहीत, तर खेळाची खोली जाणार, तिथे बाकं येणार आणि बाई ऑफिसात दाखले लिहायला बसणार. मोठ्या बाई हे सांगताना पंख्याकडे बघत होत्या.

साहेब छोट्या खुर्चीत बसले. गुडघे कानाला लागले. समोर आली ती मुलगी, जिला वर्गातल्या मावशी वकीलबाई म्हणत.

"बाळ, हा रंग कोणता?"

वकीलबाईने आधी पिवळं कार्ड पाहिलं, मग साहेबांना पाहिलं. "तुम्हाला नाही येत?"

"मला येतं. तू सांग."

"येतं तर मग विचारता कशाला?"

टॅबवर फुली पडली. पुढचा मुलगा मायाळू. त्याने साहेबांच्या गुडघ्यावर थोपटलं. "काका, घाबरू नका. आमच्या बाई शिकवतात सगळं." तिसऱ्याने सफरचंदांचं चित्र बघितलं आणि साहेबांच्या कानात सांगितलं, "ती खोटी आहेत. खाऊ नका."

वीसपैकी चार पास.

"मुलं गोड आहेत," साहेब टॅब मिटत म्हणाले, "पण गोडचा रकाना नाही आमच्याकडे. शुक्रवारी पुन्हा येतो. ती शेवटची संधी."

"चार दिवस घोकून घ्या की," मावशी म्हणाल्या. "काय आभाळ कोसळतंय? मला त्या दाखल्यांच्या ऑफिसात तुम्हाला चहा नेऊन द्यायचा नाहीये."

बुधवारी बाईंनी मन घट्ट केलं, लाल ठोकळा उचलला आणि वकीलबाईला विचारलं, "हा रंग कोणता?"

ती जवळ आली. तिने बाईंचा चष्मा नाकावर नीट बसवला. "आता बघा बरं."

शाळा सुटताना तिची आई बाईंना बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, डोळ्यांचं ऑपरेशन वगैरे निघालंय का? ही म्हणते, बाईंना लालसुद्धा दिसेना, उद्यापासून हात धरून न्यायचं."

"नाही हो. दिसतं मला," बाई म्हणाल्या. घोकणं तिथेच थांबलं.

गुरुवारी मावशींबरोबर ब्रश धुताना बाई मध्येच थांबल्या. "मावशी, साहेबांना रंग येतात. आकडे येतात. मग त्यांना खरंच माहीत नाही असं काय आहे?"

"झालं. आता तुम्ही मलाच परीक्षेला बसवा."

"आपल्या मुलांना काय येतं, ते."

मावशींनी नळ बंद केला. "मग हे पोरांना सांगा ना. माझे ब्रश का अडवताय?"

शुक्रवारी साहेब दारात उभे असतानाच बाईंनी मुलांना गोल बसवलं. "साहेबांना सगळं येतं. पण तुम्हाला काय येतं, ते त्यांना माहीतच नाही."

"कोणीच नाही सांगितलं?" वकीलबाईने विचारलं.

"कोणीच नाही."

वर्गात अरेरे झालं. मग मुलांनी साहेबांना घेरलंच. पिवळा, लाल, निळा, एक ते वीस, शिवाय कोणाचे आजोबा रात्री दात काढून ठेवतात आणि कोणाला एका पायावर किती वेळ उभं राहता येतं, तेही. साहेबांचा टॅब दोनदा हातून निसटला. अठरा पास. एक झोपला होता आणि एकाने प्रत्येक उत्तरानंतर "आता तुमची पाळी" म्हणून साहेबांना पुढे जाऊच दिलं नाही.

खोली वाचली, निदान या वर्षापुरती. मोठ्या बाईंनी पंख्याकडे न बघता तसं सांगितलं.

सोमवारी बाई आल्या तेव्हा गाड्यांचं खोकं बंदच होतं. वकीलबाई पाटी मांडीवर घेऊन छोट्या खुर्चीत बसली होती आणि समोर मुलांची रांग.

"हा रंग कोणता?"

"निळा," मायाळू मुलगा म्हणाला.

तिने फुली मारली.

"बरोबर आहे ना गं?"

"बरोबर आहे. पण हळू बोललास." मग तिला बाई दिसल्या. "बाई, तुम्ही या. हा कोणता?"

"तुला माहीत नाही?"

"मला माहीत आहे. तुम्हाला येतं का, ते मला माहीत नाही."

बाईंना यात खोट काढता येईना. ती रांग बघवतही नव्हती.

"हिरवा," त्या म्हणाल्या आणि पाटीवर काय पडतं ते बघत रांगेत उभ्या राहिल्या.