नखंबाईचं कर्कटक

"माझ्या पेशंटना माझ्या पाठीमागे बोलावलंत तुम्ही! शनिवारी! मी नसताना!"

"तुम्ही असताना ते येत नव्हते, म्हणून शनिवारी."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तेच. साहेब, आवाज जरा कमी करा. बाहेर रांग आहे."

"रेकॉर्डरूमला कसली रांग?"

"एक्स-रेची पाकिटं न्यायला आलेल्यांची. पाय त्यांचेही दुखतायत."

सांधेबदल विभागाचे प्रमुख डॉक्टर उभेच होते. बसायला एका स्टुलाशिवाय काही नव्हतंही. खोलीत छतापर्यंत लोखंडी फडताळं, फडताळांत तपकिरी पाकिटं आणि पाकिटांच्या भिंतींमधून जेमतेम एक बाई सरकेल एवढी वाट. ती बाई म्हणजे रेकॉर्डबाई. चष्म्याला दोरी, पदराला टाचणी, निवृत्तीला नऊ महिने बाकी. सगळं हॉस्पिटल त्यांना पाठीमागे नखंबाई म्हणायचं. तोंडावर म्हणालं तरी त्यांना राग येत नसे. "काय वाईट आहे? नाक कापणारी तर नाही म्हणत," एवढंच त्या म्हणायच्या.

"कोणाच्या परवानगीने एक्स-रे काढलेत?" डॉक्टरांनी आवाज उतरवला, पण धार तशीच होती.

"थोरल्या साहेबांच्या."

"ते जाऊन अकरा वर्षं झाली!"

"ते गेले. त्यांचा कागद आहे." नखंबाईंनी भिंतीवरच्या चौकटीकडे बोट केलं. पिवळ्या पडलेल्या कागदावर एकच ओळ होती: ज्याचा सांधा आपण बदलला, त्याचा दरवर्षी एक एक्स-रे, तो जिवंत असेतो. खाली सही. "रद्द केल्याचा दुसरा कागद मला कोणी दिला नाही. तुम्हीही नाही."

त्या कागदापासूनच सुरुवात करायला हवी.

एकतीस वर्षांपूर्वी नखंबाई या हॉस्पिटलात चादरी आणि टॉवेल मोजायला लागल्या होत्या. शिक्षण दहावी, अक्षर मोत्याच्या दाण्यांसारखं. थोरले डॉक्टर एकदा ऑपरेशनचे हिरवे गाऊन कमी आले म्हणून तणतणत तिथे आले आणि चादरींची वही बघून थबकले.

"हे कोणी लिहिलं?"

"मीच."

"फाटकी चादर वेगळी, डाग पडलेली वेगळी, हे कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? फाटकी चादर शिवता येते, डागाची नाही."

दुसऱ्या दिवशी बाई रेकॉर्डरूममध्ये.

तो काळ असा होता, की खुबा झिजला म्हणजे माणूस संपला नाही तरी कोपऱ्यात गेला. थोरल्या डॉक्टरांनी तेव्हा नवं धाडस सुरू केलं होतं. मांडीच्या हाडाचं झिजलेलं टोक काढायचं, तिथे पोलादी गोळा बसवायचा. कंबरेच्या खळग्यात प्लास्टिकची वाटी. गोळा वाटीत फिरला, की माणूस चालला. आणि माणसं खरोखरच चालली! बारा-बारा वर्षं कुबड्यांवर असलेल्यांनी त्या कुबड्या हॉस्पिटलच्या दारात ठेवून दिल्या आणि मागे वळूनही पाहिलं नाही.

पहिल्याच दिवशी थोरल्या डॉक्टरांनी टेबलाच्या खणातून एक पांढरी वाटी काढून बाईंच्या हातात ठेवली. मध्यभागी आरपार भोक.

"हे काय असेल?"

"साबणाची वडी वाटते. वापरून संपलेली."

"अडीच वर्षांपूर्वी मी ही एका माणसाच्या खुब्यात बसवली होती. गोळ्याने झिजवली. अशा पुष्कळ बसवल्या मी. लोक नाचत घरी गेले आणि मी टाळ्या ऐकत बसलो. मग एकेक करत लंगडत परत यायला लागले. प्रत्येकाला पुन्हा कापावं लागलं, बाई. माझ्या हाताने." ते थांबले. "आता प्लास्टिक बदललंय. चांगलं आहे म्हणतात. मी म्हणणार नाही. तुम्ही मला सांगायचं."

"मी? मला काय कळतं त्यातलं?"

"फाटकं आणि डागाळलेलं वेगळं करता येतं तुम्हाला. तेवढं पुरे. आणि एक लक्षात ठेवा. पेशंट आला नाही म्हणजे तो बरा आहे, असं कधी धरायचं नाही."

ती भोक पडलेली वाटी पुढे एकतीस वर्षं बाईंच्या टेबलावर कागद दाबायला बसली.

पत्रं पाठवायला सुरुवात झाली. प्रत्येकाला दरवर्षी एक. डॉक्टरांनी लिहून दिलेले प्रश्न असे, की वाचतानाच माणसाला झोप यावी. सांध्याच्या हालचालीची मर्यादा किती, वेदनेचं स्वरूप कसं. उत्तरं यायची: "आपल्या कृपेने उत्तम." बाईंनी ते प्रश्न बाजूला ठेवले आणि स्वतःचे दोन घातले. जिना कठड्याला न धरता चढता का? पायाची नखं स्वतः कापता का?

"नखं?" थोरले डॉक्टर हसले होते.

"खुबा वाकल्याशिवाय हात अंगठ्यापर्यंत पोचतो का? बघा तुम्हीच करून."

थोरल्या डॉक्टरांनी तिथल्या तिथे बूट काढून पाहिलं. नंतर हसले नाहीत.

आणि कर्कटक? ते मुलाच्या कंपासपेटीतलं. मुलगा शाळा संपवून केव्हाच नोकरीला लागला, कर्कटक मात्र बाईंनी परत दिलं नाही. फिल्म खिडकीच्या काचेला लावायची. वाटीच्या कडेचं वर्तुळ काढायचं, गोळ्याचं वर्तुळ काढायचं, दोन्हींचे मध्य काढायचे. वाटी नवी असताना मध्य एकावर एक. वाटी झिजली, की गोळा वर सरकतो, मध्य दुरावतात. फिल्मवर सगळंच थोडं मोठं दिसतं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. गोळा अठ्ठावीस मिलिमीटरचा आणि फिल्मवर बत्तिसाचा, म्हणजे बाकीचंही त्याच पटीत फुगलंय, हे ओळखून त्यांनी त्रैराशिक मांडलं. दहावीच्या गणिताला काठावर पास झालेल्या बाईने.

त्या खोलीत बसून त्यांनी सगळं येताना-जाताना पाहिलं. हाडाला चिकटवायचं सिमेंट आलं. बिनसिमेंटच्या, हाड स्वतःच धरून ठेवेल अशा खडबडीत वाट्या आल्या. गुडघा आला, तोही आधी दाराच्या बिजागरीसारखा. वर्षभरात बाईंनी सांगितलं, "साहेब, बिजागऱ्या सैल होतायत. गुडघा दारासारखा नुसता उघडत-मिटत नसावा. माझा तर वाकताना जरा सरकतो, जरा वळतोही." पुढे सरकणारे, वळणारे गुडघे आले आणि टिकले, तेव्हा थोरल्या डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "बाई, आणखी काय काय करतो तुमचा गुडघा?"

आजचे प्रमुख डॉक्टर त्या काळी शिकाऊ होते. पाकिटाला दोरा कसा गुंडाळायचा, तेही त्यांना बाईंनीच दाखवलेलं. पोरगा हुशार, हात सोन्याचे. पेशंटच्या उशाशी बसून बोलणारा. चार वर्षांपूर्वी त्यांनी नवी वाटी आणली. बाहेरून धातूची, आत प्लास्टिकचं पातळ अस्तर. ऑपरेशन झटपट, सिमेंटची कटकट नाही. साठेक लोकांना बसवली. ओपीडीत येणारा प्रत्येक जण खुशीत.

पण येत होते ते अलीकडचे. पहिले वीस जण तिसऱ्या वर्षापासून यायचे थांबले होते.

"बरे झाले, कामाला लागले. कशाला येतील?" डॉक्टर म्हणाले होते.

पत्रांना उत्तरं मात्र आली. विसाच्या वीस. जिना? हो. नखं? हो. सगळं हो. बाईंनी वीस पत्रं टेबलावर पसरली आणि त्यांना ते आवडलं नाही. चादरी मोजलेल्या बाईला एवढं ठाऊक असतं, की वीसच्या वीस धड कधीच नसतात.

मग रविवारी पिशवी घेऊन, बस बदलत, त्या एकेकाच्या दारात उभ्या राहू लागल्या. पहिलं घर एका शिवणकाम करणाऱ्या बाईचं होतं. मशीन खिडकीत, कापडाचे तुकडे जमिनीवर, दारामागे काठी. काठी दारामागे ढकललेली होती, पण पुरती नाही.

"नखं कापता येतात ना?"

"हो तर!"

नखंबाईंनी खाली पाहिलं. डाव्या पायाची नखं नीट कापलेली. ऑपरेशन उजव्या खुब्याचं, आणि उजव्या पायाची नखं वाढून चपलेच्या कडेला टेकलेली.

"बाई, डावा पाय तुम्ही कापता. उजवा?"

शिंपीणबाईंनी पाय मशीनच्या पायडलखाली ओढून घेतला. "सून कापते. सवड मिळेल तेव्हा."

"कधीपासून?"

"वर्ष होईल."

"आणि पत्रात 'हो' लिहिलंत?"

"पत्र साहेबांकडे जातं ना!" त्या म्हणाल्या. "त्या माणसाने मला उभं केलं हो. ऑपरेशनच्या दिवशी उशाशी बसून माझ्या हाताला हात लावून म्हणाले, घाबरू नका. आता कुठल्या तोंडाने जाऊन सांगू, तुमचं काम बिघडलं म्हणून? वाईट नाही वाटणार त्यांना?"

नखंबाई परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. लोक रागाने येईनासे होतात, हे त्यांना ठाऊक होतं. कंटाळून, पत्ता बदलून, मरूनही. मायेपोटी येईनासे झालेले त्यांनी पहिल्यांदाच पाहिले. वाईट डॉक्टरच्या दारात लोक भांडायला आले असते.

वीसपैकी अकरा जणांना त्यांनी पटवलं. त्यांची अट एकच होती: साहेब नसतील त्या दिवशी. म्हणून शनिवार.

आणि आज बुधवार. उद्या डॉक्टरांच्या यादीत दोन ऑपरेशनं होती, दोन्हींना नवी वाटी. दुसरं नाव बाईंच्या नणंदेचं होतं.

नणंदेने काल घरी त्यांना धारेवर धरलं होतं. "वहिनी, ऐकतेय मी, तू डॉक्टरांशी वाकड्यात शिरतेयस. आठ महिने वाट पाहिलीय मी! एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळायचं तर देव आठवतात. उद्या ते चिडले आणि नावच खोडलं म्हणजे?"

"नाव खोडू देणार नाही. वाटी बदलून मागणार आहे. जुनी, सिमेंटवाली."

"वा! सगळ्या गावाला नवी आणि घरच्या माणसाला जुनी!"

"जुनीची मापं माझ्याकडे वीस वर्षांची आहेत. नवीची चार."

"तुझी मापं तुझ्यापाशी ठेव. गुरुवारपर्यंत तोंडाला कुलूप लाव, एवढे उपकार कर."

नखंबाईंनी तिच्या पाठीमागे उशी सारली होती.

आता त्यांनी खिडकीचा पडदा पूर्ण बाजूला केला. एकामागून एक सात फिल्म काचेला लावल्या. दुपारचा उजेड सात माणसांच्या कंबरांमधून आत आला.

"अकरा आले. चौघांचं ठीक आहे. हे सात बघा."

"तुमचं माप चुकलं असेल," डॉक्टर जागेवरूनच म्हणाले.

"असेल. चष्म्याचा नंबर वाढलाय माझा." त्यांनी कर्कटक पुढे केलं. "तुम्ही घ्या."

"बाई, मी आता भूमिती करत बसू?"

"एकेकाळी हुशार होतात तुम्ही भूमितीत. स्टूल घ्या. ते डुगडुगतं, डावीकडे कलून बसा."

डॉक्टर बसले. पहिली फिल्म त्यांनी घाईने केली. वर्तुळ, वर्तुळ, मध्य. पुसलं. पुन्हा काढलं. दुसरी सावकाश केली. तिसऱ्या फिल्मला त्यांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं आणि पाकिटावर आकडे मांडले.

"किती आलं?" बाईंनी विचारलं.

"दोन पूर्णांक एक."

"मी दोनच लिहिलंय. तुम्ही माझ्यापेक्षा कडक निघालात."

थोरल्या डॉक्टरांच्या चांगल्या वाट्या वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाने झिजत. इथे चार वर्षांत दोन मिलिमीटर गेले होते, आणि अस्तर होतंच मुळात पाचाचं. डॉक्टरांचं बोट काचेवर वर सरकलं आणि वाटीच्या मागे, हाडात, एका काळसर डागावर थांबलं. झिजलेल्या प्लास्टिकचा भुगा हाड आतून पोखरतो. हे बाईंनी त्यांना सांगायची गरज नव्हती. ते त्यांनीच बाईंना कधीतरी समजावलं होतं.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

"शिवणकाम करतात त्या. तुम्ही उशाशी बसला होतात."

"दुखत नाही त्यांना?"

"दुखतं."

"मग आल्या का नाहीत?" हा प्रश्न त्यांनी भांडायच्या आवाजात विचारला नाही.

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

बाहेरच्या रांगेत कोणीतरी खोकलं. कोणीतरी "अहो, झालं का तुमचं?" म्हणालं. नखंबाईंनी दाराच्या फटीतून हात बाहेर काढून थांबा म्हणून खूण केली.

"या सातांतल्या चौघांना अजून दुखत नाही," त्या म्हणाल्या. "वेळ आहे अजून. पण त्यांना तुम्ही बोलवायला हवं. माझ्या पत्राला ते 'हो' म्हणतील."

 टेबलावरची भोक पडलेली वाटी डॉक्टरांनी उचलली, भोकातून खिडकीकडे पाहिलं आणि परत ठेवली.

"साहेब, उद्याच्या यादीत दोन नावं आहेत."

"दुसरं तुमच्या नणंदेचं. ठाऊक आहे मला. म्हणजे हा सगळा खटाटोप..."

"पहिलीला मी जन्मात पाहिलेलं नाही," नखंबाई म्हणाल्या. "दोघींसाठी विचारतेय. उद्या कोणती वाटी बसवणार?"

डॉक्टर उठले. काचेवरच्या फिल्म एकेक करून काढल्या, पाकिटांत घातल्या, प्रत्येक पाकिटाला दोरा गुंडाळला, शिकवला होता तसाच, दोन वेढे आणि एक उलटा. सातही काखेत घेतली. रांगेतली माणसं बाजूला सरली. उजवीकडे त्यांची केबिन होती. डावीकडे ऑपरेशन थिएटर आणि त्यालगतची खोली, जिथे नव्या वाट्यांचे खोके रचलेले असत.

"साहेब, माझं कर्कटक!" बाईंनी हाक मारली.

ते त्यांच्या मुठीतच होतं. "राहू द्या, ते खोके परत पाठवून येतो," म्हणत, मागे न बघता ते डावीकडे वळले.